पूर्व आफ्रिकेचे ओस पडलेले दप्तर

30 डिसेंबर 2007 रोजी केनियाच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल जाहीर होताच शासनाने थेट प्रक्षेपणास मनाई केली, आणि रिफ्ट खोऱ्यापासून नैरोबीतील किबेरा वस्तीपर्यंत दंगलींत घरे जळत असताना प्रत्यक्ष काय घडते आहे हे सांगण्याची जबाबदारी ज्या थोड्या साधनांवर येऊन पडली, त्यांत काही खासगी व्यक्तींचे ब्लॉग अग्रभागी होते. ओरी ओकोल्लोह या तरुण विधिज्ञ स्त्रीच्या ‘केनियन पंडित’ या ब्लॉगाकडे वाचक आपापल्या मुलखातील वार्ता धाडू लागले. जानेवारी 2008 मध्ये या वार्ता नकाशावर नोंदवाव्यात अशी सूचना ओकोल्लोह यांनी मांडली, आणि अन्य ब्लॉगलेखक व संगणकतज्ज्ञ पुढे आल्याने अल्पावधीत अशा वार्ता नकाशावर दाखवणारे ‘उशाहिदी’ हे संकेतस्थळ उभे राहिले. ही तत्परता आकस्मिक नव्हती. केनियातील ब्लॉगलेखक कित्येक वर्षे एकमेकांचे लेखन वाचत आणि त्यातील मुद्दे खोडून काढत आले होते. टांझानियाचे न्देसांजो माचा यांनी स्वाहिलीतून लिहून इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकासही या व्यवहारात स्थान दिले होते. हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या त्या दंगलींच्या काळात हा जुना परिचयच विश्वासाचा आधार ठरला.

त्या पिढीचे बहुतेक ब्लॉग आज ओस पडले आहेत. मोबाइल हेच ज्यांचे पहिले संगणक-साधन, ते लोक फेसबुक व व्हॉट्सॲपकडे वळले, लेखक संसार आणि नोकरीत गुंतले, हे कारण खरे आहे; परंतु तेवढ्यावर विषय मिटवणे म्हणजे सत्तेला दोषमुक्त करणे होय. इथिओपियाने एप्रिल 2014 मध्ये ‘झोन नाइन’ गटाच्या सहा ब्लॉगलेखकांना कैदेत टाकून त्यांच्यावर दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला भरला. टांझानियाने 2018 मध्ये ब्लॉगासाठी परवाना सक्तीचा केला आणि अर्ज, परवाना व वार्षिक शुल्क मिळून सुमारे 21 लाख शिलिंग, म्हणजे अंदाजे 900 डॉलर, आकारले. नियमभंगास किमान 50 लाख शिलिंग दंड किंवा किमान बारा महिने कैद अशी शिक्षा ठेवली. ज्या लेखनातून एक पैची प्राप्ती नाही, त्यावर एवढी रक्कम मागणे हे महसुलाचे धोरण नव्हे, ती लेखनबंदीच होती, आणि पुढे शुल्कात फेरफार झाले म्हणून लिहिण्यासाठी सरकारची सनद मागण्याचे तत्त्व क्षम्य ठरत नाही.

ओस पडलेल्या ब्लॉगाच्या स्वतंत्र संकेतस्थळ-पत्त्याचे वार्षिक शुल्क थकले, की त्या पत्त्यावरील वर्षानुवर्षांचे लेखनही दिसेनासे होऊ शकते. लेखकांची संमती घेऊन जे उरले आहे ते जतन करण्याचे काम नैरोबी आणि दार-एस-सलाम येथील विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी विनाविलंब अंगावर घ्यावे; जानेवारी 2008 चा इतिहास लिहिणाऱ्यास दंगलींच्या चौकशी आयोगाच्या अहवालाइतकीच त्या दिवसांत रात्री-अपरात्री लिहिलेल्या या नोंदींची गरज पडणार आहे.