ठेका तोच, पाय बदलले

लग्नाचा स्वागत-समारंभ रंगात आलेला असतो. डीजेच्या कर्ण्यांपुढे मुलं बेभान नाचत असतात आणि भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसलेली वडीलधारी मंडळी 'काय हा धिंगाणा!' म्हणून नाकं मुरडत असतात. तेवढ्यात 'आप जैसा कोई' सुरू होतं. साठी ओलांडलेल्या काकूंचा पाय नकळत ठेका धरतो. शेजारचे काका मान डोलावू लागतात. हे गाणं ज्या चित्रपटातलं, तो 'कुर्बानी' १९८० साली आला. तेव्हा हीच मंडळी कॉलेजात होती आणि त्यांच्या घरातले मोठे या गाण्यालाही धिंगाणाच म्हणत होते.

फार थोड्यांना ठाऊक असेल की, हे गाणं ज्या दोघांमुळे जन्माला आलं, ते दोघेही बंगळूरचे. एक 'कुर्बानी'चा निर्माता, दिग्दर्शक आणि नायक फिरोज खान. १९३९ साली त्याचा जन्म बंगळूरला झाला. दुसरा संगीतकार बिद्दू. मूळ कोडगूच्या कुटुंबातला हा मुलगा बंगळूरला वाढला. मित्रांबरोबर त्याने 'ट्रोजन्स' नावाचा बँड काढला आणि साठच्या दशकात नशीब अजमावायला लंडन गाठलं. तिथे १९७४ साली त्याने 'कुंग फू फायटिंग' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकडीची मागची बाजू भरायची म्हणून घाईघाईत उरकलेलं हे गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं.

'कुर्बानी'ची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची. बिद्दूचं हे एकच. पडद्यावर क्लबमधली गायिका झाली झीनत अमान, पण आवाज होता लंडनमध्ये राहणाऱ्या नाझिया हसन या पाकिस्तानी शाळकरी मुलीचा. त्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती.

मग डिस्कोची लाटच आली. १९८२ साली 'डिस्को डान्सर'मध्ये मिथुन चक्रवर्तीचा जिमी नाचला. गिटारमध्ये सोडलेल्या विजेच्या धक्क्याने आई जाते, मुलगा गिटारला हात लावायला घाबरतो आणि शेवटी पुन्हा रंगमंचावर उभा राहतो. त्याच वर्षीच्या 'स्टार'मध्ये कुमार गौरव गायक होण्याची स्वप्नं पाहत होता. संगीत पुन्हा बिद्दूचंच.

अशा चित्रपटांची एक खोड असते. नायक जिंकतो, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि पडदा पडतो. जिमी चाळिशीत काय करत होता, त्याचे गुडघे कधी दुखू लागले, त्याच्या मुलाने दुसऱ्याच तालावर नाचायचं ठरवलं तेव्हा तो काय म्हणाला, हे कोणी दाखवत नाही. तारुण्य जणू संपतच नाही!

पण काळ काही थांबत नाही. १९८१ च्या 'लव्ह स्टोरी'ने एका रात्रीत लाडका झालेला कुमार गौरव काही वर्षांतच मागे पडला. नाझिया २००० साली लंडनमध्ये गेली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. फिरोज खानने २७ एप्रिल २००९ रोजी आपल्या जन्मगावी, बंगळूरलाच, अखेरचा श्वास घेतला. 'कुर्बानी'त त्याच्या जिवलग मित्राची भूमिका करणारा विनोद खन्ना आठ वर्षांनी गेला, तोही २७ एप्रिललाच. मिथुनला २०२४ साली दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता.

गाणी मात्र म्हातारी झाली नाहीत. 'स्टुडंट ऑफ द इयर' या २०१२ च्या चित्रपटात नाझिया-बिद्दूचं 'डिस्को दीवाने' नव्या रूपात आलं. नाझिया जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी तिचा आवाज त्यात होता. २०२२ च्या 'अ‍ॅन अ‍ॅक्शन हीरो'मध्ये 'आप जैसा कोई' परत आलं. आजची मुलं ही गाणी आपलीच समजून नाचतात. ती आपल्या आजीच्या तरुणपणची आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि बंगळूर? ज्या शहराने हिंदी चित्रपटाला हा ठेका दिला, तिथे २००५ च्या आदेशानुसार डिस्कोथेक चालवायला पोलिसांचा वेगळा परवाना लागू झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश वैध ठरवला. शहराला नियम हवेतच. शेजाऱ्यांची झोप आणि मुलींची सुरक्षितता महत्त्वाची आहे. पण घराघरांतून जो परवाना नाकारला जातो, त्याचं काय?

मुलगा किंवा मुलगी नाचायला जाते म्हटल्यावर आईवडिलांनी वेळ विचारावी, सोबत कोण ते विचारावं, दारूबद्दल स्पष्ट बोलावं. तो त्यांचा हक्क आहे. नाचणं म्हणजेच वाया जाणं, असा निकाल मात्र देऊ नये. १९८० साली घरातून लपूनछपून 'कुर्बानी' पाहिलेली किती तरी मुलं पुढे चांगले डॉक्टर, शिक्षक आणि आईबाप झाली.

तेव्हा पुढच्या समारंभात ते गाणं लागलं, तर काकूंनी खुर्चीखाली पाय हलवत बसू नये. सरळ उठावं. नातीला एकदा कळू दे की, हा ठेका आधी कोणाच्या पायांत होता.