अजान कानात दिली, ऐकू आली का?

बाळ जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत देतात. दुनियेतला पहिला आवाज अल्लाहच्या नावाचा असावा, ही त्यामागची भावना. तो आवाज बाळापर्यंत पोहोचला का, हे तपासण्याची सोय आता आहे. आपल्या घरांत मात्र ती फारशी माहीत नाही. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवतात, यंत्र बारीक आवाज सोडतं आणि कानाचा प्रतिसाद टिपतं. तिला ओएई चाचणी म्हणतात. काही मिनिटांचं काम, सुई नाही की दुखणं नाही. पहिल्या महिन्यात ही तपासणी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र व उपचार सुरू, असा तज्ज्ञांनी घालून दिलेला क्रम आहे. आपल्याकडे दोन वर्षांचं मूल बोलत नसलं की दादी म्हणते, "याचा बापही उशिराच बोलला होता." मग ताईत, मग दम केलेलं पाणी. दुआ जरूर करावी, पण भाषा शिकण्याची पहिली वर्षं कोणासाठी थांबत नाहीत. पिढ्यानपिढ्या नात्यातच लग्नं होत आलेल्या घरांनी तर ही तपासणी चुकवूच नये. नात्यातलं लग्न जायज आहे, पण जन्मजात बहिरेपणाची शक्यता त्याने वाढते, हेही खरं.

निदानानंतर सगळं ओझं बहुधा एकट्या आईवर येतं. जुन्या नाशकातली किंवा वडाळ्याची एखादी अम्मी सकाळी पंचवटी एक्स्प्रेस धरते, दादरला उतरून बांद्र्याला जाते, रात्री परत येते आणि थेरपिस्टने दिलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी घरी घेते. अब्बूंना यंत्राची बॅटरी बदलता येत नाही. चुलते, फुप्या मुलाशी बोलणंच सोडून देतात, कारण 'त्याला कुठं ऐकू येतं?'

म्हणून मला कुटुंबाच्या निवासी शिबिराची कल्पना मोलाची वाटते. दोन-तीन दिवस आई, वडील, दादी, भावंडं सगळ्यांनी एकत्र राहून शिकायचं. चेन्नईच्या बाल विद्यालयात मुलाबरोबर आईलाही वर्गात बसवतात. ही शाळा १९६९ पासून चालू आहे. शिबिरात हेच घरातल्या सगळ्यांसाठी करता येईल. मोठ्यांनी कानात कापूस घालून दस्तरखानावर बसावं. सगळे हसतात आणि आपल्याला कारण कळत नाही, हे एकदा अनुभवलं की मुलाच्या चिडण्याचा अर्थ लागतो. आ, ऊ, ई, श, स, म हे सहा आवाज तोंड न दाखवता काढायचे आणि मुलाला कोणते ऐकू येतात ते रोज सकाळी पाहायचं, ही यंत्राची साधी परीक्षा आठ वर्षांची बहीणसुद्धा खेळता खेळता घेऊ शकते. मुलीच्या स्कार्फखाली माइक दबला तर कापडाची खरखर ऐकू येते, हेही तिथंच समजतं. बाजारात आईच्या चेहऱ्यावर नकाब असला तर ओठ वाचणाऱ्या मुलाला काहीच उमगत नाही. महत्त्वाचं ते घरातून निघण्यापूर्वी सांगून ठेवावं.

सगळ्यांत अवघड प्रश्न भाषेचा. घरात आपली उर्दू, गल्लीत आणि थेरपिस्टकडे मराठी, मकतबात अरबी. "एकच भाषा ठेवा" असं सांगितलं जातं आणि मग मराठीत अडखळणारी आई मुलाशी मोजकंच बोलते. मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून ठामपणे सांगते: आई ज्या भाषेत रागावते, लाड करते, गोष्ट सांगते, तीच मुलाची पहिली भाषा असू द्या. मूल मुळात कमी ऐकतं. त्यात आईचंही बोलणं आटलं तर उरलं काय? पहिली भाषा रुजली की मराठी मागून येते. यंत्र लवकर मिळालेली मुलं दोन भाषा शिकतात, हे आता अभ्यासकही सांगतात.

बांद्र्याची ती संस्था म्हणजे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, १९८३ मध्ये स्थापन झालेली. अली यावर जंग हैदराबादचे, अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. १९७६ मध्ये पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं, त्या कामाचं केंद्र हीच संस्था आहे. नाशिकमध्येही माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे.

ज्यांना यंत्राचा उपयोग होत नाही किंवा फार उशीर झाला, त्यांच्यासाठी खुणांची भाषा आहे. तिला कमी लेखू नये. मुक्या माणसाची स्पष्ट खूण आपल्या फिकहने बोलण्याइतकीच ग्राह्य धरली आहे, अगदी निकाहाच्या कबुलीतही. मग अशा मुलाला नमाज शिकवताना खूण वापरायला संकोच कशाला?

आणखी एक. योजनेतून यंत्र मिळालं तरी पुढे वायर तुटते, बॅटऱ्या संपतात, थेरपीच्या फेऱ्या होतात. तो खर्च घरावरच पडतो. कित्येक घरांत केवळ एका वायरीसाठी यंत्र कपाटात पडून राहतं. रमजानमध्ये आपण शिधा वाटतो, शिलाई मशीन देतो. घर जकातीला पात्र असेल तर तिच्या यादीत ही वायरही बसते. शंका असल्यास आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्या.

मे महिन्यात शाळा बंद असतात. लग्नाची तारीख नसेल तेव्हा मोहल्ल्यातला जमातखाना रिकामाच असतो. पंखे, पाणी, देगा सगळं तिथं आहे. थेरपिस्टशी बोलायची जबाबदारी मी घेते. दहा घरं तयार झाली की तारीख ठरवू, इन्शाअल्लाह. अब्बूंना सुटी टाकायला आतापासून सांगा.