"स्कॅनमध्ये सिद्ध झालंय!"

मंडळी, हल्ली कुठल्याही चर्चेत कोणीतरी म्हणतंच, "अहो, मेंदूच्या स्कॅनमध्ये सिद्ध झालंय!" की झालं, बोलणं संपलं. माझा राग स्कॅनवर नाही, या 'सिद्ध झालंय'वर आहे.

'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहा आणि मुलाला शाईचा रंग विचारा. ते अडखळतं. वाचायची सवय एकीकडे ओढते, प्रश्न दुसरीकडे. स्ट्रूप यांनी १९३५ साली ही ओढाताण मोजली ती छापील कार्डं आणि घड्याळावर. पुढे एफएमआरआय आलं आणि अशा वेळी मेंदूतला 'अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स' हा भाग जास्त काम करतो असं दिसलं. मोलाचीच माहिती! पण तोच भाग वेदना होतानाही जागा होतो, चूक झाल्यावरही. मग नुसता तो रंगलेला पाहून "याच्या मनात द्वंद्व चाललंय" असं छातीठोक कसं सांगायचं?

शिवाय तो काही फोटो नव्हे. रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलांवर गणित करून भरलेले रंग ते. गणितात ढिलाई केली तर? २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं 'दाखवली' आणि त्याच्याही मेंदूत हालचाल काढून दाखवली... मुद्दाम, सहकाऱ्यांना सावध करायला!

शास्त्रज्ञ एवढे सावध, आणि आपण? रंगीत चित्र पाहिलं की माना डोलावतो. अडखळणाऱ्या मुलाच्या डोक्यात कुठे काय चाललंय, ते यंत्र थोडंफार सांगेल. ते का अडलं, हे मात्र त्याच्याजवळ बसून त्यालाच विचारावं लागेल. त्याला यंत्र लागत नाही, वेळ लागतो.