दोन भाषांतलं पाप

गेल्या महिन्यातली गोष्ट. शेजारच्या अक्का दुपारी डोकावल्या, तेव्हा सूनबाई आमच्या सहा वर्षांच्या नातीला जेवणाआधीचं इन्शुलिन देत होती. अक्कांना ते बघवेना. "पाप, कूसु! एष्ट त्रास!" म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. बाई मनाच्या चांगल्या. जाताना परसातली पेरवंही देऊन गेल्या.

रात्री नात कुशीत आली आणि हळूच विचारती झाली, "आज्जी, मी चोरून कुंदा खाल्ला म्हणून मला पाप लागलं ना?"

माझ्या काळजात चर्र झालं. कानडीतलं 'पाप' म्हणजे बिचारं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिलाही ठाऊक आहे, तिची आई धारवाडची. पण तिच्या मनात मराठीतलं पाप आधीच जाऊन बसलं होतं, आणि ते बसवलं होतं मीच. दिवाळीत डब्यातला कुंदा तिनं गुपचूप उचलला, तेव्हा मी सहज बोलून गेले होते, "चोरून खाल्लं की पाप लागतं हं!" पुढं दोन महिन्यांत हे दुखणं निघालं. सारखी तहान, सुटलेलं अंथरूण पुन्हा ओलं होणं, अंग उतरणं. पोरीनं आपला हिशेब जुळवला आणि कुणाला न सांगता तो उराशी धरून बसली.

दोष नावाचाही आहे. कानडीत 'सक्करे कायिले', मराठीत 'साखरेचा आजार'. ऐकणाऱ्याला वाटतं, लाड करून गोड चारलं असेल. पण लहान मुलांना बहुधा होणारा हा टाइप वन मधुमेह गोड खाऊन होत नाही. रोगाशी लढणारी शरीराची शक्तीच चुकून स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारते. म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं, रोज, आमच्याकडं दिवसातून चारदा. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं वाचतच नव्हती. हे वाचल्यापासून मी त्या सुईला नावं ठेवायची सोडली. आणि 'गप बस, नाहीतर सुई टोचीन' हा आमच्या घरचा जुना धाकही बंद.

त्या नावानं शाळेतही घोटाळा केला. मधल्या सुट्टीआधी पोरीला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. म्हणजे साखर उतरलेली. बाईंनी साखर द्यायलाच नकार दिला. "शुगरच्या मुलीला साखर कशी देऊ?" त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, आम्हीच नीट सांगितलं नव्हतं. सूनबाई धावत गेली म्हणून निभावलं. आता दप्तरात ग्लुकोजची पुडी आणि मराठी-कानडी दोन्हींत लिहिलेला कागद असतो: सत्तरच्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि त्या रात्रीचं? मी तिला मांडीवर घेतलं, म्हटलं, "कुंद्यानं काही झालेलं नाही. चुकले मी. तसं बोलायला नको होतं." ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग अक्कांना पण सांग."

सांगितलं. अक्कांना एवढं वाईट वाटलं, की त्यांचीच समजूत काढावी लागली.

औषध आत गेलं तरी सुई लगेच काढायची नसते, दहा अंक मोजायचे. सकाळी आईजवळ ती 'ओंदु, एरडु, मूरु' करते, रात्री माझ्याजवळ एक, दोन, तीन. परवा अक्का बसल्या होत्या, तेव्हा त्यांना म्हणाली, "अक्का, ईग नीवु एणसरि." अक्का मोजू लागल्या आणि सातावरच अडखळल्या. पोरगी खुदकन हसली आणि पुढचे तीन तिनंच मोजले.