'आधी बीज एकले' कोणाचे?

परवा नातवाने मोबाईलवर 'संत तुकाराम' लावून दिला. प्रभातचा, १९३६ चा. लहानपणी पुसदला टुरिंग टॉकीजमध्ये जमिनीवर बसून पाहिला होता. पडद्यावर विष्णुपंत पागनीस आले की आमची आजी हात जोडायची.

पाहता पाहता माझी एक जुनी चूक आठवली. 'आधी बीज एकले' हा अभंग मी कित्येक वर्षे वर्गात तुकोबांचा म्हणून शिकवला. निवृत्तीनंतर गाथा चाळली, तर सापडेना. तो शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला! संगीत केशवराव भोळे यांचे.

काही जण म्हणतात, भक्तीच्या गाण्याला कर्त्याचे नाव कशाला? मला हे पटत नाही. याच चित्रपटातला सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो, तेव्हा आपल्याला राग येतो. मग आठवल्यांचा अभंग तुकोबांच्या नावावर खपवणारे आपण वेगळे काय करतो?

दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. आपण मात्र श्रेयनामावली संपेपर्यंत शेंगा सोलत बसतो.

तुकोबा थोर आहेतच. त्यांचा वाटावा असा अभंग लिहिणारा माणूसही लहान नव्हे. त्याचे नाव घेतल्याने तुकोबांचे काही कमी होत नाही.

माझा कोणी विद्यार्थी हे वाचत असेल, तर बाबा रे, तेवढी दुरुस्ती करून घे. चूक गुरुजींचीच होती.