धर्मयुद्ध : कोणाचे आणि कोणासाठी?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील प्रचारसभांतून 'व्होट जिहाद' हा शब्द घुमला आणि त्याला प्रत्युत्तर म्हणून 'मतांच्या धर्मयुद्धा'ची हाक देण्यात आली. निवडणूक संपली, शब्द मात्र मागे राहिले. पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याला आज एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "तुम्ही धर्मयुद्ध नको म्हणता, पण ख्रिस्ती आणि मुसलमान शतकानुशतके लढलेच ना? मग आम्हीच का गप्प बसावे?" हा प्रश्न विचारणारा तरुण बहुधा प्रामाणिक असतो. त्याला जातीयवादी ठरवून झिडकारणे सोपे आहे, पण ते उत्तर नव्हे. इतिहासाचा दाखला देणाऱ्यास इतिहासानेच उत्तर दिले पाहिजे.

१०९५ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील क्लेर्मां येथे पोप दुसरा अर्बन याने पूर्वेकडील पवित्र भूमीसाठी शस्त्र उचलण्याची हाक दिली. हजारो गोरगरीब श्रद्धेने निघाले. ती श्रद्धा खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती वापरता आली. १०९६ मध्ये या लाटेचे पहिले बळी ठरले ते ऱ्हाईन नदीकाठचे ज्यू, ज्यांचा जेरुसलेमच्या सत्तेशी काहीएक संबंध नव्हता. १०९९ च्या जुलैत जेरुसलेम पडले आणि तेथील मुसलमानांची व ज्यूंची कत्तल झाली. ११८७ मध्ये सलाहुद्दीनाने ते शहर परत घेतले. त्याने कत्तल टाळली हे त्याच्या पदरी टाकलेच पाहिजे. परंतु ज्याच्याजवळ खंडणी होती तो सुटला आणि ज्यांच्याजवळ नव्हती असे हजारो गुलाम झाले. १२०४ मध्ये तर व्हेनिसच्या जहाजांचे देणे थकलेल्या क्रूसेडी फौजेने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटले. याउलट, १२२९ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक व इजिप्तचा सुलतान अल्-कामिल यांनी रक्त न सांडता तह केला आणि जेरुसलेम ख्रिस्ती ताब्यात गेले. त्या वेळी या सम्राटावर पोपचा बहिष्कार होता! युद्धाने जे साधले नाही ते तहाने साधले, आणि धर्मयुद्धाच्या पुरस्कर्त्यांना नेमके तेच रुचले नाही.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. त्याच वैराचा वारसा पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणला. पंधराव्या शतकाच्या मध्यास पोपच्या फर्मानांनी पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर 'अख्रिस्ती' यांच्याविरुद्ध लढण्याची मुभा दिली होती. १५०२ मध्ये वास्को-द-गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले. १५०८ मध्ये कोकणातील चौलच्या पाण्यात इजिप्त व गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा ठार झाला. पुढच्याच वर्षी बापाने दीवला त्याचा सूड घेतला. निशाणांवर क्रूस आणि चंद्रकोर होती, परंतु झगडा होता तो मिरी-मसाल्याच्या वाटेचा. म्हणून तर अलेक्झांड्रियात मिरी विकत घेणाऱ्या ख्रिस्ती व्हेनिसचे हित या लढ्यात मुसलमान सुलतानाच्या बाजूला होते.

आता गोव्याकडे पाहू. १५१० मध्ये अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवे घेतले, ते तिमोजा या हिंदू सरदाराच्या साहाय्याने. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, असा तो हिशेब होता. नोव्हेंबरात शहर पडल्यावर मुसलमानांची जी कत्तल झाली तिचा आकडा खुद्द अल्बुकर्कने आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात सहा हजार दिला आहे. त्या दिवसांत हिंदूंना अभय मिळाले. पण तीसच वर्षांनी, १५४० मध्ये, तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायपीठ बसले. एकाच्या विरोधात उगारलेली धर्माची तलवार त्याच्यापाशीच थांबते, या भ्रमाला गोव्याच्या इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

आणि आपला बालाघाट? हा मुलूख तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होता. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना चौलला किल्ला बांधू दिला, कारण त्याला फौजेसाठी समुद्रापलीकडचे घोडे हवे होते. पुढे १५७० साली मुर्तजा निजामशहाने त्याच चौलला वेढा घातला, आदिलशहा गोव्यावर चालून गेला आणि त्यांच्या जोडीला उभा राहिला कालिकतचा हिंदू राजा सामोरी. हे जर केवळ धर्माचे युद्ध असते, तर सामोरी तेथे काय करीत होता? आणि सोलापूरच्या किल्ल्यासाठी निजामशहा व आदिलशहा हे दोन मुसलमान सुलतान वर्षानुवर्षे एकमेकांशी का झुंजले असते? १५७१ मध्ये चौलचा वेढा तहाने उठला. सुलतान सुलतानच राहिला, व्हाइसरॉय व्हाइसरॉयच राहिला. मात्र राज्याचा मुख्य वसूल जमिनीचा होता. तेव्हा अशा मोहिमांचा भार अखेर कोणाच्या खळ्यावर पडत असेल, हे कुणब्याच्या पोराला समजावून सांगण्याची गरज नाही.

याच निजामशाहीच्या काळात शेख महंमद होऊन गेले. परंपरा त्यांचे मूळ गाव आष्टी तालुक्यातील वाहिरा सांगते. त्यांची समाधी श्रीगोंद्याला आहे. जन्माने मुसलमान असलेल्या या संताने मराठीत ग्रंथ लिहिला आणि त्याला 'योगसंग्राम' हे नाव दिले. संग्राम त्यांनीही मांडला, परंतु तो शेजाऱ्याशी नव्हे, माणसाच्या आतल्या विकारांशी. धर्म आणि युद्ध हे शब्द जोडायचेच असतील, तर ते कसे जोडावेत याचा धडा आपल्याच मातीत आहे. त्यासाठी क्लेर्मांला जाण्याचे कारण नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा तालुक्यातून उसाच्या फडाकडे गाड्या निघतात. त्यांत मराठा, वंजारी, दलित, मुसलमान अशी सर्व जातिधर्मांची कुटुंबे असतात. मुकादमाची उचल सर्वांच्या डोक्यावर, पाचट सर्वांच्या अंगाला, आणि थंडीत पालात कुडकुडणारी पोरे सर्वांची. मजुरीचा दर वाढवून घ्यायचा, तर ही माणसे एकत्र राहिली पाहिजेत. त्यांच्यात धर्माची भिंत उभी राहिली, तर कारखानदाराला संप फोडण्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागणार नाहीत.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे की, हा प्रश्न टाळू नका. धर्मयुद्धे झाली, त्यांत दोन्ही बाजूंनी क्रौर्य झाले, हे स्वच्छ मान्य करा. कोणा एकाच्या पापावर पांघरूण घालू नका. मग त्या तरुणाला एवढेच विचारा : त्या युद्धांत बंदर कोणाला मिळाले, खंडणी कोणाला मिळाली, आणि तुझ्या-माझ्यासारख्यांना काय मिळाले? उत्तर त्याचे त्यालाच शोधू द्या. ते सापडले की फडावर जाणाऱ्या गाडीत आपल्या शेजारी कोण बसले आहे, हे त्याला नव्याने दिसेल.