आधी तपासणी, मग पैसे

लग्नसराई जवळ आली की ‘स्किन क्लिनिक’च्या पाट्यांवर पॅकेजचे दर झळकू लागतात. लेझर, पील, गोरेपणाचे इंजेक्शन. सगळे एकदम घेतले तर सवलत. आपल्या मुली कमावत्या आहेत, स्वतःच्या पैशाने तिथे जातात. त्यांना अडवणारे आम्ही कोण? रंगावरून मुलीची किंमत करणाऱ्यांचा दोष मुलींच्या माथी मारणेही आम्हाला मान्य नाही. पण एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. डॉक्टरने तपासल्याशिवाय चेहऱ्याला सुई किंवा लेझर लावणे हा उपचार नव्हे, ती नुसती विक्री आहे.

केस काढण्याचा लेझर मेलॅनिन या रंगद्रव्यावर काम करतो. सावळ्या त्वचेत ते भरपूर असते. त्वचेचा प्रकार न बघता यंत्र चालवले तर केसांबरोबर कातडीही भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. म्हणून योग्य लेझर निवडून आधी छोट्या जागेवर चाचणी घ्यावी लागते.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का? जखमेचा व्रण फुगून वाढतो का? ओठांवर वारंवार फोड येतात का? दिवस गेले आहेत का, बाळ अंगावर पिते का? कशाची ॲलर्जी आहे का? हे विचारायला दहा मिनिटे पुरतात. न विचारल्याची किंमत मात्र मोठी असते. स्नायू दुर्बल करणारा मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार असलेल्याला बोटॉक्स दिले तर गिळणे आणि श्वास घेणे कठीण होऊ शकते. फिलर रक्तवाहिनीत गेले तर दृष्टी जाऊ शकते.

तपासणीचा आणखी एक फायदा आहे. मानेवरचा मखमली काळेपणा हा मळ नसून पुढे येणाऱ्या मधुमेहाची सूचना असू शकते. हनुवटीवर वाढलेल्या राठ केसांमागे पीसीओएस असू शकतो. अशा मुलीला पीलच्या किंवा लेझरच्या पॅकेजआधी रक्ततपासणीची गरज असते. दुकानदार ते सांगणार नाही, डॉक्टर सांगेल.

पांढरा कोट घातला म्हणून कोणी डॉक्टर होत नाही, आणि प्रत्येक डॉक्टरने हे शिक्षण घेतलेले नसते. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून सौंदर्योपचार करता येत नाहीत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगालाही २०२२ मध्ये सांगावे लागले.

तेव्हा भगिनींनो, पैसे भरण्याआधी विचारा: मला कोण तपासणार? त्यांची पदवी कोणती, नोंदणी क्रमांक काय? काही बिघडले तर इथे कोण असेल? उत्तर टाळले तर उठून या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. तिथे केसपेपर काढा, रांगेत थांबावे लागले तरी थांबा. ‘आजच भरा, उद्या दर वाढेल’ म्हणणाऱ्याला आपल्या तब्येतीची काळजी नसते.